खोकल्याचं गाव

“लाज म्हणान काय ती ह्या माणसाक नायच,” म्हणत जानकीनं खुंटीवरचा सदरा झटकला, तसं खिशातलं बिडीचं बंडल फरशीवर पडलं आणि घरंगळत स्टोव्हपाशी गेलं.

बाहेर ओट्यावर राजाराम खोकत होता. खोकला आला की तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढं वाकायचा आणि समोरच्या मिठागरांकडे बघत राहायचा. खोकणारा दुसराच कुणी आहे आणि आपण फक्त त्याचं आटपायची वाट बघतोय, असा त्याचा चेहरा असे. जानकीला त्या चेहऱ्याचाच जास्त राग यायचा. माणसानं निदान ओशाळावं तरी.

तिनं बंडल उचललं. वरचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता. म्हणजे आजच आणलेलं. ती दारात आली आणि नवऱ्याच्या डोक्यावरून तिनं ते गटारात भिरकावलं.

“ह्या महिन्यातला ह्या दुसरा. छातीची चाळण झाली तरी तोंडातली आग सुटणा नाय. घरात कोणाक डोळो लागणा नाय तुमच्या खोकल्यान. सून सकाळी सहाक उठून ड्युटीक जाता, तिचो तरी इचार करा.”

राजारामनं गटाराकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पंचानं डोळे पुसले.

“पाणी दी,” तो म्हणाला.

तिनं पाणी दिलं. तोंडाचा पट्टा चालू असला, तरी जानकीनं आजवर कुणाचं पाणी अडवलं नव्हतं.

तसं आता बोलायचं उरलंही नव्हतं. सोमवारच्या सकाळच्या एसटीनं राजाराम नेरूरला जायचा होता. तिकडे त्याचा धाकटा भाऊ लवू होता, घर होतं, खळ्यात खाट टाकायला जागा होती. जानकीनं सुनेकडून पत्र लिहून घेतलं होतं आणि लवूचं उत्तरही आलं होतं. मोकळी हवा मिळेल, बिडीचं दुकान दोन मैलांवर आहे, दम कमी होईल. हे सगळं ती शेजारीपाजारी मोठ्यानं सांगायची. मोठ्यानं सांगायची, कारण लालबागच्या चाळीत असताना तिनं असे बरेच म्हातारे गावी पोचवलेले पाहिले होते. त्यांची ट्रंक जायची, काठी जायची, आणि वर्ष-दीड वर्षात तार यायची. परत आलेला एकही तिच्या डोळ्यांसमोर येत नव्हता. राजारामलाही ते सगळे म्हातारे ठाऊक होते. पत्र लिहिलं त्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, “बरा.”

इथं कांजूरला एक खोली, तिचे पडदा लावून दोन भाग, त्यात चार माणसं. मुलगा नंदकुमार भांडुपच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला. जानकी स्वतः पहाटे उठून त्याच कारखान्यातल्या पाच सड्या माणसांचे डबे करायची. गुडघे गेले होते, उजवा खांदा वर होत नव्हता. झोपेचे जे चार तास मिळायचे, त्यांतले दोन हा खोकला खायचा. तिनं काही चुकीचं ठरवलं नव्हतं. ती दिवसातून दोनदा स्वतःला हे सांगायची.

दुपारी साडेतीनला अनुपमा घरी आली. जानकीची ही सून मुलुंडच्या एका इस्पितळात फायली वाहून न्यायचं काम करी. मंगळवारी तिची लेखी परीक्षा होती. पास झाली तर फायली वाहायच्या नव्हत्या, टेबलाशी बसून त्यांच्यात नोंदी लिहायच्या होत्या. त्यासाठी आजारांची इंग्रजी नावं कळायला हवी होती. गेले दोन महिने तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तूरडाळीवर ‘न्युमो: फुप्फुस’. मिठावर ‘कार्डिओ: काळीज’. जानकीला सुरुवातीला याची शिसारी आली होती. काळजातलं मीठ आमटीत घालायचं म्हणजे काय.

चहा झाल्यावर अनुपमानं चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा सासूपुढं ठेवला. जानकी सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

“आई, विचारा ना जरा.”

“मी काय विचारतलंय? माका दुसरीच्या फुडे शाळा नाय.”

“मराठीत लिहिलंय. तुम्ही नुसतं वाचा, मी अर्थ सांगते.”

जानकीनं तांदळातला एक खडा बाजूला टाकला आणि वरची चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली.

“हा… य… पो.”

“हायपो. कमी.”

“हायपर.”

“जास्त.”

“आयटीस.”

“सूज. आलेली सूज, लालीबिली.”

“एक्टमी. ही कोण गो, अष्टमीची भयण?”

“कापून काढणं.” अनुपमा हसली. “ऑपरेशन करून.”

“आणि असले किती रोग घोकतलंस तू? हजार?”

“घोकायचे नाहीतच. आमच्या मेट्रन सांगतात, हजार नावं पाठ करायला गेलात तर वेड लागेल. नाव तोडायला शिका. पुढचा तुकडा, मधला तुकडा, शेवटचा तुकडा. शेवटचा तुकडा सांगतो की झालंय काय; सूज आहे, गाठ आहे की जुनं मुरलेलं दुखणं आहे. मधला सांगतो कुठलं, कशाचं. पन्नास-साठ तुकडे माहीत असले, की कधी न ऐकलेल्या नावाचाही अर्थ लागतो.”

जानकीचा हात सुपात थांबला.

“ह्या काय नवीन सांगतंस? ह्या तर आमच्या आडनावांसारखा.”

“म्हणजे?”

“वालावलकर. मागचो कर तोड. काय रवला? वालावल. तुळसकर, मठकर, नेरूरकर. लालबागाक माझी खानावळ होती तेव्हा चाळीस माणूस जेवून जाय. नवीन कोण इलो की आधी आडनाव विचारी मी. माणूस आपल्याबद्दल काय सांगता तेचो भरवसो नाय. पण कर तोडलो की खंयचो तो समजता.”

अनुपमा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं गठ्ठ्यातली एक चिठ्ठी शोधून काढली.

“हे बघा. ऑसिस. जुनं मुरलेलं दुखणं. हा तुमचा ‘कर’. आणि त्याच्या आधी जे राहतं…”

“तो रोगाचो गाव,” जानकीनं वाक्य पुरं केलं. “आणि तुझ्या म्हायेरच्या आडनावाक तर गावच नाय. ठाकूर! माका लग्नातच संशय इलेलो.”

पण त्यानंतर तिनं एकही चिठ्ठी सोडली नाही. तांदूळ निवडून झाले, सूप भिंतीला लागलं, तरी ती बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत राहिली. दोन ठिकाणी अनुपमा अडखळली, तर जानकीनंच सांगितलं. ओट्यावरून राजारामनं आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा तोंड वळवलं.

“गुळाचो खडो गावात काय?” जरा वेळानं त्यानं विचारलं.

“सकाळी बिडी, दुपारी गूळ. मेलो, जिभेचो चोचलो काय संपना नाय,” जानकी म्हणाली. गिरणीत असल्यापासून हा माणूस पाळी सुटली की गूळ खायचा. खात्यातले सगळेच खायचे म्हणे. गिरणी सुटून चार वर्षं झाली, गूळ सुटला नव्हता. गुळाचा डबा ती आता वरच्या फळीवर ठेवायची. उठून काढायला गुडघे तयार नव्हते. तिनं काढला नाही.

रविवारी दुपारी तिनं ट्रंक भरायला घेतली. दोन धोतरं, तीन सदरे, लोकरीची टोपी, तेलाची बाटली. खालच्या बाजूला जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती, ती बदलावीत म्हणून तिनं ओढली, तेव्हा त्यांच्याखाली रेग्झिनचं पाकीट निघालं. आत गिरणीचं ओळखपत्र, बदली कामगार असतानाचा बिल्ला, तिच्या स्वतःच्या वडिलांचा एक फोटो आणि चार घड्यांचा पिवळा पडलेला कागद.

“ह्या काय बघ गो. टाकण्यासारख्या आसात तर टाकतंय.”

अनुपमानं कागद उलगडला. घडीवर तो फाटत आला होता.

“दवाखान्याचा आहे, आई. बाबांच्या छातीचा. त्र्याहत्तर सालचा. हा सोबत द्यायला हवा, तिकडचा डॉक्टर विचारील…” ती बोलता बोलता थांबली. “बिसिनोसिस. हा शब्द माझ्या वहीत नाही.”

“मगे तोड.”

जानकी हे सहज म्हणाली. सदऱ्याची घडी घालता घालता, पोरीची परीक्षा घ्यावी तसं. तिच्या आवाजात थोडी मिजासही होती.

अनुपमानं बोटानं शब्दाचा मागचा भाग झाकला. “शेवटी ऑसिस आहे.”

“कर झालो. फुडे?”

“पुढं बिस… बिसिन. हा तुकडा कधी आलाच नाही.” तिनं इस्पितळातून मिळालेली सायक्लोस्टाइलची पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात यादी होती. अनुपमाचं बोट यादीवरून खाली खाली गेलं आणि एका जागी थांबलं.

“बिसस. ग्रीक शब्द आहे. म्हणजे सूत. तलम सूत, कापूस, तसलं.”

“नीट बघ.”

“बघितलं, आई.”

“बिडी आसतली. धूर, तंबाखू, कायतरी आसतला त्यात.”

“नाही. बिडीनं दम वाढत असेल. पण या नावात धुराचा तुकडाच नाही. हे कापसाचं आहे. कापसाची धूळ छातीत जाऊन मुरलेलं दुखणं.”

जानकीनं सदरा मांडीवर ठेवला. घडी अर्धीच झाली होती.

“खाली काय लिवला हा?”

“डॉक्टरांचा शेरा आहे. ‘त्रास साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सर्वांत अधिक.’ ” अनुपमानं कपाळाला आठी घातली. “असं का होत असेल? सुट्टीनंतर तर बरं वाटायला हवं. सुट्टीनंतरचा पहिला दिवस म्हणजे…”

“सोमवार,” जानकी म्हणाली.

लालबागच्या खोलीत बावीस वर्षं दर सोमवारी सकाळी हेच झालं होतं. राजारामला उठवेना व्हायचं. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय म्हणायचा. मंगळवारी बरा, बुधवारी त्याहून बरा, शनिवारी भजनाला टाळ घेऊन पुढं. आणि सोमवार आला की पुन्हा पाटा. जानकीला हे कोडं पहिल्या वर्षातच सुटलं होतं. रविवारी मित्रांत बसायचं, बिड्या फुंकायच्या, पत्ते कुटायचे आणि सोमवारी खाडा करायला निमित्त शोधायचं. ती पंचा घेऊन उशाशी उभी राहायची. “उठा, सोमवार आसा. पडान काय रवलास?”

एकदा तो गेला आणि अर्ध्या तासात परत आला. चाळीच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसला, त्याला वर चढवेना. पाण्याची वेळ होती. दोन्ही मजल्यांवरच्या बायका नळावर होत्या. जानकी कठड्यावरून वाकून ओरडली होती, “इले बघा, सोमवार नेरूरकर इले!” सगळी चाळ हसली होती. नाव राहिलं. पुढं पोरंसुद्धा त्याला सोमवारदादा म्हणायची आणि तो त्यांना गोळ्या वाटायचा.

“अजून एक ओळ आहे,” अनुपमा हळू आवाजात म्हणाली. तिनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाचावं की नाही असं तिला झालं. पण जानकीनं हनुवटीनंच वाच म्हणून सांगितलं. “ ‘कार्डिंग खातं त्वरित बदलावं.’ कार्डिंग म्हणजे?”

“कापूस पिंजून इंचरतत ता. थंय समोरचो माणूस दिसना नाय, इतकी रुई उडता. गळ्यातली रुई सुटाक म्हणानच सगळे गूळ खायत आसतले.”

तिनं सदऱ्याची घडी पुरी केली. ट्रंकेत ठेवली. मग उठली, सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला बसली. ते कालच निवडलेले तांदूळ होते. अनुपमानं सवयीनं एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘बिसस: सूत’, मागं डिंक लावला आणि कुठं चिकटवावी ते न कळून ती बोटांत धरून उभी राहिली.

जानकीनं हात पुढं केला.

“दी हकडे.”

तिनं गुळाचा डबा वरच्या फळीवरून खाली घेतला. गुडघ्यातून कळ आली, ती तिनं ओठ मिटून जाऊ दिली. चिठ्ठी डब्यावर दाबून बसवली आणि डबा खाली, हाताशी येईल असा ठेवला.

संध्याकाळी खाडीवरचा वारा सुटला. मिठाच्या राशींवर झावळ्या घालून लोक घरी निघाले होते. राजाराम ओट्यावर होता. जानकी बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. ती अशी कधी बसत नसे. ओट्यावर बसायला वेळ तो कुणाला. राजारामनं सरकून जागा दिली.

“कागद गावलो,” ती म्हणाली.

“खंयचो?”

“पिवळो. दवाखान्यातलो.”

“आसा खरो तो,” राजाराम म्हणाला. “मी टाकूक नाय.”

“डॉक्टरान तेव्हा सांगितलेल्यान काय तुमका, काय ता?”

“सांगितल्यान. रुई छातीत जाता म्हणालो. खाता बदल म्हणालो.”

“मगे कित्या बदलून घेतलास नाय?”

राजारामनं पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. बोलायच्या आधी त्याला श्वास गोळा करावा लागायचा. या वेळी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ गोळा करत बसला.

“थंय खंडून लावलेल्यान,” तो म्हणाला.

खंडू जानकीचा थोरला भाऊ. कार्डिंग खात्याचा मुकादम. राजाराम सात वर्षं बदलीवर होता. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत, नाहीतर घरी. जानकी कडेवर नंदूला घेऊन भावाकडे गेली होती आणि चार दिवस तिथं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पाचव्या दिवशी खंडूनं शब्द दिला. राजाराम कायम झाला त्या संध्याकाळी तिनं चाळीतल्या प्रत्येक दारात नारळाचा तुकडा आणि गूळ वाटला होता. माझ्या भावानं लावला. माझ्या भावाच्या शब्दावर. ही गोष्ट तिनं खानावळीत सांगितली, लग्नांत सांगितली, इथं कांजूरला नव्या शेजारणींना सांगितली. गेल्या मंगळवारीही नळावर सांगितली होती.

“खाता सोडला तर परत बदलीक जावचा लागला असता,” राजाराम म्हणाला. “आणि खंडूचो शब्द पडलो असतो. तू चाळभर सांगत फिरलंस. तुका बरा वाटला होता.”

“माका सांगूचा तरी.”

“सांगून काय केला असतंस?”

जानकीनं पदरानं ओट्यावरची धूळ झटकली. राजारामनं सभ्यपणे नजर मिठागरांकडे वळवली.

“आणि बिडी?” तिनं विचारलं. “ती तरी सोडूची.”

“संपात सोडलंय. चार वर्सां झाली.”

“मगे ती बंडलां?”

राजाराम हसला. हसता हसता खोकला आला, तो वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. जानकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात काढायचा कधी हे न कळून तो तसाच ठेवला. खोकला ओसरायला वेळ लागला.

“आसांदे,” तो म्हणाला. “तुका बोलूक कायतरी व्हया.”

तिनं गटाराकडे पाहिलं. कालचं बंडल पाण्यात फुगून फुटलं होतं. त्याच्या आधीची किती फेकली असतील, तिला आठवेना. पण एक आठवलं. एकाचाही वरचा कागद फाटलेला नव्हता. भाजीचं जून-कोवळं ती हाताच्या स्पर्शानं ओळखायची, चार वर्षं प्रत्येक बंडल तिच्या हातातून गेलं होतं, आणि दर वेळी तिनं हेच म्हटलं होतं की आजच आणलेलं दिसतंय.

“चाय घेतास?” तिनं विचारलं.

“साखर संपली म्हणत होतंस ना?”

“गुळाची करतंय,” ती म्हणाली आणि ओट्याच्या खांबाला धरून उठली.

सोमवारी फटफटताना नळ आला. जानकी हंडा घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या पुढं सहा बायका होत्या, कुणी तरी तिला म्हणालं, आज निघाले ना आजोबा, चांगलं झालं, तिकडची हवा मानवेल. तिनं मान हलवली. हंडा भरला, कमरेवर घेतला आणि घराकडे आली.

दारात ट्रंक दोरीनं बांधून ठेवलेली होती. नंदकुमार मनगटावर घड्याळ चढवत होता. बापाला एसटी स्टँडवर पोचवून मग त्याला पाळीला जायचं होतं. अनुपमा वाटेसाठी डबा बांधत होती. राजाराम ट्रंकेवर बसला होता. धुवट सदरा, डोक्यावर टोपी, पायांत वहाणा. तो केव्हाचा तयार होता. हाताशी पाण्याची बाटली होती आणि तो उठायच्या आधीचा श्वास गोळा करत होता.

जानकीनं हंडा खाली ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. खाली वाकून तिनं गाठ सोडायला घेतली. नंदूनं गाठ घट्ट मारली होती, तिची बोटं घसरत होती.

“आई, काय करतेस?” नंदकुमार म्हणाला. “गाडी चुकेल ना.”

“चुकांदे.”

“अगं, लवूकाका फाट्यावर येऊन उभे राहणार.”

“तेका तार कर.”

“तार करून सांगू काय?”

जानकी गाठीशी झटत राहिली. अनुपमानं हातातला डबा खाली ठेवला, पुढं आली आणि सासूच्या हाताखालून गाठीचं एक टोक ओढलं. गाठ सुटली. दोरी गोळा करून जानकीनं ती कोपऱ्यात टाकली. मग तिनं राजारामच्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि खुंटीवर अडकवली. आत जाऊन तिनं त्याची सतरंजी आणली. ती ओट्यावर नाही, खोलीत, खिडकीखाली, जिथं ती स्वतः झोपायची, तिथं अंथरली.

राजाराम ट्रंकेवरच बसून होता. नेमकं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याचं जाणं कुणी असं अडवलं नव्हतं.

नळावरचा गलका अजून चालू होता. जानकी दारात आली. कठड्यावरून वाकून ओरडताना तिचा आवाज जसा चाळीच्या दोन्ही मजल्यांवर जायचा, तसाच आताही गेला. रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

“आज सोमवार आसा,” ती नवऱ्याला म्हणाली. “खंय जावचा नाय. पडान रवा.”